फ्रीजचं दार नीट बसतं का? बिलाचा कागद सांगेल

दुकानातल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नसेल आणि दाराच्या कडेला पाणी सुटत असेल, तर थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी दाराचं रबर तपासा.

१. बिलाचा कोरा कागद अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवून दार लावा.

२. कागद हलकेच ओढा. अडकत अडकत आला तर ठीक. सर्रकन निघाला तर तिथून गार हवा बाहेर जातेय.

३. चारही बाजूंनी वीत-वीत अंतरावर हेच करा. बिजागरीकडची बाजू आणि खालचे कोपरे विसरू नका. रबर बहुधा तिथेच दगा देतं.

४. सैल जागी रबराची घडी बोटाने उघडून बघा. आत सांडलेल्या दुधाचा पिवळट चिकट थर, वर धूळ, कधी पिशवीचा तुकडासुद्धा सापडतो. कोमट साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा.

५. पुन्हा कागद लावा. तरीही सुटतोय? रबर कडक झालंय किंवा फाटलंय. मॉडेल नंबर दाखवून नवं बसवून घ्या. चिकटपट्टीचा जुगाड चार दिवसही टिकत नाही.

हात लागलाच आहे तर मागची किंवा खालची जाळीही मऊ ब्रशने झाडा. मात्र त्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आणि जाळीच्या पात्यांपासून बोटं जपा, कडा धारदार असतात.