पर्यायी विकास बँक कशी पारखावी

जागतिक बँकेला पर्याय म्हणून नवी बँक जाहीर झाली की मथळ्यात भांडवलाचा सर्वांत मोठा आकडा झळकतो. तो सोडा आणि सनदेत, म्हणजे बँकेच्या स्थापना-करारात, रोख भरायचं भांडवल शोधा. ब्रिक्स देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) स्थापलेल्या शांघायच्या न्यू डेव्हलपमेंट बँकेचं अधिकृत भांडवल 100 अब्ज डॉलर. पाच संस्थापकांनी सुरुवातीला घेतलेला वाटा 50 अब्जांचा, पण रोख भरायचे फक्त 10 अब्ज: प्रत्येकी 2 अब्ज, तेही सात हप्त्यांत. उरलेले 40 अब्ज बँक अडचणीत आली तरच मागवता येतात. हप्त्यांचं वेळापत्रक सनदेतच नसेल, तर सावध व्हा. दक्षिण अमेरिकी देशांच्या बँक ऑफ द साउथची घोषणा 2007 मध्ये ब्यूनस आयर्सला थाटात झाली. भांडवल काही जमलं नाही आणि बँक कागदावरच राहिली.

मग मतं मोजा. बीजिंगच्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत मोठ्या निर्णयांना 75 टक्के मतं लागतात आणि चीनकडे एकट्याकडे 26 टक्क्यांच्या आसपास आहेत. नकाराधिकार शब्द सनदेत नसला, तरी तो असा आकड्यांत असतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र पैसा येतो कुठून, यावर द्या. या बँका फक्त सरकारी रकमेवर चालत नाहीत. रोखे विकून पैसा उभारतात. म्हणून पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला मिळणारी श्रेणी, सांभाळणं त्यांना भागच असतं. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च 2022 मध्ये न्यू डेव्हलपमेंट बँकेने रशियातले नवे व्यवहार थांबवले. रशिया संस्थापक, समान भागधारक, तरीही! डॉलरच्या बाजारावर अवलंबून असलेल्या बँकेचं स्वातंत्र्य तिथेच संपतं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्यामुळे प्रत्येक कर्जाचं चलन तपासा. समजा, 10 कोटी डॉलरचं कर्ज डॉलर 65 रुपये असताना घेतलं: 650 कोटी. डॉलर 85 वर गेला की मुद्दलच 850 कोटी होतं, आणि वीजप्रकल्पाची वसुली तर रुपयांतच होते. स्थानिक चलनातल्या कर्जांचं प्रमाण 30 टक्क्यांवर नेण्याचं न्यू डेव्हलपमेंट बँकेचं 2022–26 साठीचं उद्दिष्ट आहे. वार्षिक अहवालात प्रत्यक्ष आकडा त्याच्याशी ताडून पाहा.

ब्रिक्सचा 100 अब्ज डॉलरचा राखीव निधी ही परकीय चलनाच्या टंचाईत सदस्यांना मदत करणारी वेगळी व्यवस्था आहे, बँकेच्या हिशेबात ती मिसळू नका. तिथे भारताची उचल घेण्याची मर्यादा 18 अब्ज. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा अटींसह येणारा कर्ज-कार्यक्रम न स्वीकारता त्यातले 30 टक्केच, म्हणजे 5.4 अब्ज मिळू शकतात.