प्रशिक्षण झालं, वर्ग तसाच राहिला? शाळेत या चुका टाळा

आमच्या शाळेच्या ऑफिसातलं खालचं कपाट प्रशिक्षण पुस्तिकांनी भरलंय. निष्ठा, निपुण, मूल्यवर्धन या शिक्षक-प्रशिक्षणांच्या आणि त्याआधीच्या ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं या विचाराच्या. बहुतेकांची पहिली दहा पानं हाताळलेली, पुढची कोरी करकरीत. तालुक्याला सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा म्हणून मी स्वतःही उभा राहिलोय, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. हॉलमध्ये बिघडतं ते थोडंच. खरी गळती शाळेत परतल्यावर लागते.

तास मोजत बसणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. आपण त्यातला आकडा तेवढा उचलला. २०१९ मध्ये सुरू झालेलं निष्ठा कोविडकाळात दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर आलं, तेव्हा एका मोबाईलवर व्हिडिओ चालू आणि दुसऱ्यावर माहिती भरणं चालू, असं सर्रास झालं. प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर. मीही केलंय, नाकारत नाही. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी प्रशिक्षणाला जोडलेली आहे, तेव्हा प्रमाणपत्र लागणारच. फक्त ते फाइलला लावण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलने एक ओळ लिहा: येत्या सोमवारी कोणत्या तासिकेत काय वेगळं करणार? ओळ सुचली नाही, तर निदान स्वतःपुरते तरी ते तास धरू नका.

दरवेळी त्याच मॅडमना पाठवणं

'तुम्हाला जमतं, तुम्हीच जा.' मग त्या दमतात आणि बाकीचे निवांत होतात. पाळी लावा. परत आलेल्या व्यक्तीने स्टाफरूममध्ये पीपीटी दाखवण्यापेक्षा एक तासिका घेऊन दाखवावी, इतरांनी मागच्या बाकावर बसावं.

मुलांच्या वह्या न उघडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे परिपत्रकं वाचली जातात, फोटो होतात, चहा होतो. मुलाच्या वहीचं एक पानही टेबलावर येत नाही. आम्ही एकदा तिसरीची पंचवीस पानं घेऊन बसलो. गणित साधं, ५३ वजा २७. उत्तर २६. चुकलेल्या उत्तरांत ३४, ३६ आणि २५ सारखे येत होते. आम्ही तिन्हींवर फुली मारून खाली 'सराव करा' लिहिलेलं.

जरा थांबून पाहिलं तर हे तीन वेगळे आजार निघाले. ३४ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं. ३ मधून ७ जात नाहीत ही अडचणच त्याच्यासमोर येत नाही. त्याला पुन्हा काड्यांच्या गठ्ठ्यांकडे न्यायला हवं, दशक स्वतःच्या हाताने सुटा करू द्यायला हवा. ३६ वालं मूल दशक सुटा करतं, पण ५ चे ४ करायला विसरतं. त्याला दहाची नोट मोडायला लावा. मोडलेली नोट पाकिटात राहत नाही, हे त्याला पटकन कळतं. आणि २५ वाल्याला रीत येते, १३ मधून ७ काढताना मोजणी घसरते. सरावाचा शेरा एवढ्या एकालाच लागू होता.

संख्यालेखनाचंही तसंच. 'सत्तावन्न' ऐकून ७५ लिहिणारं पोर आळशी नसतं. आपल्या भाषेत सात आधी ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' आलं तेव्हा विनोद भरपूर झाले. मुलांची अडचण नेमकी कुठे आहे, यावर स्टाफरूममध्ये त्या मानाने फार कमी बोललो.

महिन्यातून एकदा चाळीस मिनिटं, एकच प्रश्न आणि सगळ्यांच्या वह्या. शनिवारची शाळा सुटल्यावर जमतं. मुख्याध्यापकांनी त्या वेळेत शालेय पोषण आहाराचा हिशेब काढायचा नाही, एवढी अट घाला.

वर्गात डोकावणं म्हणजे तपासणी

मागे कोणी वही घेऊन बसलं की आपण मुलांसाठी न शिकवता त्या माणसासाठी शिकवतो. उपाय असा: कोणी काय पाहायचं ते शिकवणाऱ्यानेच आधी सांगावं. 'सर, मागच्या दोन रांगांतली किती मुलं बोलतात तेवढं मोजा.' पाहणाऱ्याने मोजलेलं सांगावं, शेरा देऊ नये. आणि मुख्याध्यापकांनी पहिला वर्ग स्वतःचा पाहू द्यावा, नाहीतर बाकीचे दार उघडणार नाहीत.

'आमची शाळा दोनशिक्षकी, आमचं कोण पाहणार?'

ही अडचण खरी आहे. दोन-दोन इयत्ता सांभाळताना दुसऱ्याच्या वर्गात बसायला सवड कुठून काढणार? मग मोबाईलवर स्वतःच्या तासिकेची दहा मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि घरी जाताना ऐका. प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबता, एवढंच मोजा. अमेरिकेच्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अशाच ध्वनिफिती ऐकून १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलू लागतात. मी माझी फीत ऐकली तेव्हा काही ठिकाणी तो एक सेकंदही नव्हता. प्रश्न माझा आणि लगेच उत्तरही माझंच.