वांगावरचा मेकअप करडा पडू नये म्हणून

चिपळूणला माझं पार्लर आहे. लग्नसराईत नवरीपेक्षा जास्त वेळ मला नवरीच्या आईला लागतो. तिच्या दोन्ही गालांवर वांग असतात, कधी गरोदरपणात उठलेले आणि मग पुरते न गेलेले. खुर्चीत बसल्याबसल्या ती म्हणते, "ताई, जरा उजळ शेड लावा, डाग दिसायला नकोत." मी तिथेच तिला थांबवते, कारण उजळ शेडनेच डाग सगळ्यात जास्त दिसतो.

तपकिरी डागावर गोरा कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम, थापला की खालचा काळपटपणा त्यातून वर येतो आणि गाल करडा पडतो. मग तो करडेपणा लपवायला आणखी एक थर, त्यावर आणखी एक. अक्षता पडेपर्यंत सगळं फुटायला लागतं. म्हणून आधी डागाचा रंग विरुद्ध रंगाने तोडायचा आणि मग झाकायचं. काळपट-निळसर झाक तोडतो तो नारिंगी कुळातला रंग, त्यालाच करेक्टर म्हणतात. गोऱ्या कांतीला पीच, गव्हाळ कांतीला पीच आणि नारिंगीच्या मधला, सावळ्या कांतीला गडद, थोडा लालसर नारिंगी. सावळ्या चेहऱ्यावर पीच लावला तर तोच पांढुरका दिसतो, आणि गोऱ्या चेहऱ्यावर गडद नारिंगी लावला तर तो वरून डोकावत राहतो. घरात करेक्टर नाही म्हणून नारिंगी लिपस्टिक लावतात, ती लावू नका. ती ओठांसाठी केलेली असते, गालावर उन्हात सरकते.

सुरुवात मात्र सनस्क्रीनपासून. वांग उन्हाने गडद होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला नुसता अतिनील प्रकाश नाही, डोळ्यांना दिसणारा उजेडसुद्धा त्रास देतो. साधं पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची झाक असलेलं सनस्क्रीन अडवतं. एसपीएफ किमान ३०, आणि चेहरा-मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. ते मुरायला १५-२० मिनिटं द्या, त्यात केस विंचरून होतात. रिसेप्शन रात्रीचं असेल तर सनस्क्रीन वगळलं तरी चालतं. सनस्क्रीनमधल्या झिंक आणि टायटॅनियमवर कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की चेहरा फोटोत पांढराफटक येतो.

आता मुख्य काम. करेक्टर चेहराभर लावायचा नाही, जेवढा डाग तेवढाच. वांगाची कड गोल नसते, वेडीवाकडी असते, मध्येमध्ये स्वच्छ त्वचेची बेटं असतात. मी लहान चपटा ब्रश घेते आणि डागाच्या मधोमध, जिथे रंग सगळ्यात गडद आहे तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा करेक्टर टेकवते. मग अनामिकेने हलके थोपटत कडेकडे नेते. अनामिकाच, कारण या बोटाचा जोर कमी पडतो. घासायचं नाही, ओढायचं नाही. कडेला पोचेपर्यंत थर इतका पातळ व्हायला हवा की तो कुठे संपला ते कळू नये. डागाचा काळपटपणा जाऊन तिथे कोमट तांबूस रंग दिसायला लागला की थांबायचं. डाग अजून दिसतोय म्हणून करेक्टर वाढवला तर गाल नारिंगीच होणार. उरलेलं काम कन्सीलरचं आहे.

कन्सीलर आजूबाजूच्या त्वचेच्या शेडचाच, एक छटाही उजळ नाही. शेड हाताच्या पाठीवर बघू नका, हात आणि चेहरा एका रंगाचे नसतात. जबड्याच्या कडेला लावा, हातात आरसा घ्या आणि दारात, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड मांडवात फसते. वांग फार गडद असतील तर मी क्रायोलान कंपनीचं डर्माकलर हे कॅमोफ्लाज क्रीम, म्हणजे गडद डाग झाकायचं जाड क्रीम, वापरते. त्यात रंगद्रव्य भरपूर असल्याने अगदी थोडं पुरतं. ते ओल्या स्पंजने दाबत बसवायचं, वर पफने पावडर दाबायची आणि पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्यायची, मग जास्तीची मऊ ब्रशने झटकायची. ही पाच-दहा मिनिटं घाईत कुणीच देत नाही, आणि कोकणातल्या मे महिन्यात मेकअप टिकतो तो यानेच. उरलेल्या चेहऱ्यावर पातळ फाउंडेशन पुरे. त्वचा त्वचेसारखी दिसली की डागाकडे लक्ष जात नाही.

वरच्या ओठावरचे वांग अवघड, ते मिशीसारखे दिसतात म्हणून बाया तिथे जास्त लावतात. ती जागा सतत हलते, घामही तिथेच साचतो. तिथे सगळ्यात पातळ थर द्या, थोडासा डाग दिसला तर दिसू द्या. थ्रेडिंग लग्नाच्या तीन-चार दिवस आधी उरका. सोललेल्या त्वचेवर मेकअप झोंबतो आणि आग झाली की डाग आणखी गडद होतो.

नवरीलाच वांग असतील तर मुंडावळ्यांचा विचार आधी करा. त्यांच्या सरी कानशिलावर, गालावर, नेमक्या वांगाच्या जागी घासतात. पावडर पुरती बसल्याशिवाय बांधू देऊ नका. नथीचंही तेच. हळदीचा पिवळेपणा आदल्या रात्रीच खोबरेल तेलाने हळूच काढा, नाहीतर सकाळी एकही शेड जुळत नाही. कन्यादानाच्या वेळी आईचा हात पदराकडे जातोच, म्हणून मी तिच्या हातात सुती रुमाल देऊन ठेवते आणि सांगते, पुसू नका, टिपा.

रोज ऑफिसला जाताना एवढा पसारा नको. रंगाचं सनस्क्रीन, गडद डागावर चिमूटभर करेक्टर, वर पावडर, झालं.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली "वांगाची ट्यूब" लावत असाल तर मेकअपच्या आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अशा ट्यूबमध्ये बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असतं. डॉक्टर ती मोजके आठवडे, लक्ष ठेवून देतात. शेजारणीने सांगितलं म्हणून वर्षानुवर्षं लावली की त्वचा पातळ आणि लाल होते, लव वाढते, उन्हात जळजळते. अशा गालावर माझा ब्रश टेकला तरी बाई कळवळते. मी तेव्हा मेकअप थांबवते, मग समारंभ कितीही जवळ असो. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानेही वांग उठतात.

रात्री कितीही दमलात तरी मेकअप काढूनच झोपा. कोरड्या चेहऱ्यावर वाइप घासू नका. आधी क्लिन्झिंग बाम किंवा तेल बोटांनी फिरवून सगळं सैल होऊ द्या, ओल्या सुती कापडाने टिपा, मग सौम्य फेसवॉशने धुवा. नारिंगी करेक्टर रंध्रांत अडकून राहतो. टॉवेलवर तांबूस डाग आला तर पुन्हा एकदा तेल लावा, टॉवेलने खसाखसा पुसू नका.