पसरवणे, प्रसृत करणे की प्रसारित करणे? कुठे काय वापरायचं

माहिती सगळीकडे पोचवणे यासाठी मराठीत बरीच क्रियापदं आहेत, आणि चुकीचं उचललं की वाक्याचा सूरच बदलतो म्हणून लिहितोय.

आधी पसरवणे. हे आणि प्रसारित करणे एकाच घरातले, मूळ संस्कृत धातू प्र + सृ, त्याचंच प्राकृतात पसर झालं. पण पसरवणेला बदनामी चिकटलीये, अफवा पसरवतात, द्वेष पसरवतात, त्यामुळे 'लसीकरणाची माहिती गावात पसरवा' वाचलं की मला खटकतं, तिथे सरळ 'पोचवा' म्हणा. आपोआप पसरलं तर मात्र चालतं, 'बातमी गावभर पसरली' यात वाईट काही नाही. आणि 'त्याने बातमी पसरली' नाही हं, पसरवली. हात किंवा पदर मात्र पसरतातच, पसरवत नाहीत.

प्रसारित करणे रेडिओ-टीव्हीसाठी: मुलाखत प्रसारित झाली. मॅच लाइव्ह असेल तर थेट प्रक्षेपण लिहितात, पण प्रक्षेपण रॉकेटचंही असतं, म्हणजे 'उपग्रहाचं प्रक्षेपण' झालं की उपग्रह वर गेला आणि 'उपग्रहाद्वारे प्रक्षेपण' झालं की टीव्हीवर दिसलं, तेव्हा जपून.

पत्रक, निवेदन वगैरे असेल तर प्रसृत करणे. इथे सगळ्यात जास्त गडबड होते, लोक 'पत्रक प्रसूत केले' लिहितात आणि प्रसूत म्हणजे बाळंत! स ला ऋ आहे, ऊ नाही. खात्री नसेल तर 'पत्रक काढलं' लिहा ना, बोलताना तेच म्हणतो आपण.

आता बोलीतले, माझे लाडके. दवंडी म्हणजे पूर्वी वाद्य वाजवत, 'ऐका हो ऐका' म्हणत गावभर हुकूम सांगायचे ती, त्यामुळे 'पाणी येणार नाही अशी दवंडी दिली' हे अगदी साधं वाक्य आहे, त्यात टोमणा नाही. डांगोरा पिटणे मध्ये मात्र टोमणा असतोच, देणगी दिली आणि डांगोरा पिटला. बोभाटा झाकून ठेवायच्या गोष्टीचा होतो: 'लग्न मोडल्याचा बोभाटा झाला'. सुरुवात कोणी केली ते कळतच नाही आणि एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं, तेव्हा बातमी कर्णोपकर्णी होते.

व्हॉट्सॲपवरच्या मेसेजखाली 'प्रसारित करा' लिहायची गरज नाही, 'पुढे पाठवा' पुरतं.