वाय-फायचं नाव लपवताय? आधी या चुका टाळा

“आपलं वाय-फाय बाहेरच्या कुणाला दिसायला नको, तेवढं नाव लपवून टाका.” ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला ही फर्माईश कधी ना कधी येतेच. काम दोन मिनिटांचं. कंट्रोलर (सगळे एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्या, एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) उघडायचा, एक टिक मारायची नाहीतर काढायची, सेव्ह करायचं. खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो. प्रिंटर रुसलेला, नव्या लॅपटॉपला नेटवर्क सापडत नाही, मीटिंग रूममधला टीव्ही कालपर्यंत चालत होता तो आज ढिम्म. आणि पासवर्डला तर कुणी हातही लावलेला नसतो.

नाव लपवलं की नेमकं काय बदलतं, ते आधी पाहू. अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजेच एपी, दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला साधारण दहा वेळा, बीकन नावाची छोटी फ्रेम (संदेशाचं पुडकं) हवेत सोडतो. त्यात नेटवर्कचं नाव, चॅनेल, चालणारे वेग, सुरक्षेचा प्रकार असं सगळं असतं. नाव लपवल्यावर बीकन बंद होत नाही. फक्त नावाची जागा रिकामी सुटते किंवा शून्यांनी भरली जाते, बाकी मजकूर जसाच्या तसा. शिवाय एखाद्या फोनने “इथे कोण कोण आहे?” असं मोघम विचारलं, तर एपी आपलं नाव सांगत नाही. “अमुक नावाचं नेटवर्क आहे का?” असं नाव घेऊन विचारलं, तरच ओ देतो.

म्हणजे आधी एपी ओरडत होता आणि फोन ऐकत होते. आता एपी गप्प, आणि ओरडायचं काम प्रत्येक फोन, लॅपटॉप, प्रिंटरच्या गळ्यात. पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या एका अदलाबदलीतून येतात.

पहिली चूक: याला कुलूप समजणं

उपकरण नेटवर्कला जोडलं जाताना असोसिएशन रिक्वेस्ट पाठवतं आणि तिच्यात नेटवर्कचं नाव उघडं लिहिलेलं असतं. ते एन्क्रिप्ट होऊच शकत नाही, कारण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या त्यानंतर ठरतात. मॉनिटर मोड (हवेतलं सगळं ऐकण्याची सोय) चालणारं वाय-फाय कार्ड आणि किस्मेट किंवा वायरशार्कसारखं फ्रेम वाचणारं सॉफ्टवेअर घेऊन कुणी बसलं, तर एक कर्मचारी कामावर येऊन त्याचा फोन जोडला जाईपर्यंत थांबायचं, बस्स. तेवढाही धीर नसेल तर खोटी डी-ऑथ (जोडणी तोडायला सांगणारी) फ्रेम पाठवून एखाद्याला नेटवर्कवरून ढकलता येतं. तो परत जोडला जाताना नाव सांगतोच. मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन (अशा खोट्या फ्रेम ओळखणारी सोय) चालू असेल तर ही ढकलाढकली थांबते, पण आपणहून जोडल्या जाणाऱ्या फोनचं नाव सांगणं थांबत नाही. डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत घेतली तरी नाही.

लपवणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं. पण मला यातली दुसरी बाजू जास्त खटकते. ज्या फोनमध्ये हे नेटवर्क ‘लपलेलं’ म्हणून साठवलंय, तो फोन ऑफिसबाहेरही नाव घेऊन विचारत राहतो. प्रवासात, हॉटेलात, विमानतळावर. ऑफिसात जे नाव झाकायचं होतं, तेच प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खिशातून गावभर पुकारलं जातं. अँड्रॉइडमध्ये हे सेटिंग चालू करताना धोक्याची सूचना येते ती याच कारणाने, आणि अ‍ॅपलही राउटरसाठी सुचवलेल्या सेटिंगांमध्ये नाव लपवू नका असंच सांगतं.

नुसतं नाव कळलं तर बिघडलं काय? त्या हाकेला कुणीही “मीच तो” म्हणून उत्तर देऊ शकतं. नेटवर्क बिनपासवर्डचं असेल तर फोन त्या तोतया एपीला सरळ जोडला जातो. डब्ल्यूपीए२चा (त्याआधीच्या पद्धतीचा) सामायिक पासवर्ड असेल तर जोडणी पूर्ण होत नाही, पण फोनने हँडशेकमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीत) दिलेल्या पहिल्याच उत्तरावरून घरी बसून पासवर्डचे अंदाज तपासता येतात. पासवर्ड कच्चा असेल तर तो फुटतो. हल्लेखोराला तुमच्या इमारतीजवळ फिरकायचीही गरज उरत नाही.

टिक उलटी पडणं

ही चूक बावळट वाटते, पण जाणत्यांकडूनही होते. सिस्कोच्या कंट्रोलरवर आणि फोर्टिनेटवर पर्यायाचं नाव ‘ब्रॉडकास्ट एसएसआयडी’ (एसएसआयडी म्हणजे नेटवर्कचं नाव). टिक असली की नाव दिसतं. मायक्रोटिक, रकस, युनिफायवर शब्द आहे ‘हाइड’. तिथे टिक असली की नाव लपतं. एका कंपनीच्या उपकरणाची सवय झालेला हात दुसऱ्यावर बरोब्बर उलटं करून येतो.

सिस्कोच्या जुन्या, कंट्रोलरशिवाय चालणाऱ्या एअरोनेट एपींवर तर शब्दच फसवा आहे. तिथे एसएसआयडीखाली ‘गेस्ट-मोड’ अशी ओळ असते. तिचा पाहुण्यांच्या नेटवर्कशी काही संबंध नाही. ती ओळ असेल तर नाव बीकनमध्ये जातं, नसेल तर जात नाही. “आपल्याकडे गेस्ट वाय-फाय नाही, मग ही ओळ कशाला?” म्हणून कुणीतरी ती साफसफाईत उडवतं, आणि अख्ख्या मजल्याचं नेटवर्क यादीतून गायब होतं. एकाच रेडिओवर अनेक नावं चालवत असाल तर तिथे ‘एमबीएसएसआयडी गेस्ट-मोड’ लागतं, तेही प्रत्येक नावाखाली वेगळं.

अरुबावर दोन खटके आहेत. ‘हाइड-एसएसआयडी’ बीकनमधलं नाव काढतं, तर मोघम विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं की नाही हे ‘डिनाय-बीकास्ट’ ठरवतं. पहिला दाबून दुसरा विसरला, तर “लपवलं तरी यादीत दिसतंय” अशी तक्रार येते आणि आपण फर्मवेअरवर संशय घेत बसतो.

कंट्रोलर नसलेले सुटे एपी असतील तर प्रत्येकावर जाऊन पाहा. पाचपैकी एकावर नाव उघडं राहिलं, तर बाकी चारांवर लपवून उपयोग शून्य.

बदल वाय-फायवर बसून करू नका, केबल लावा. सेटिंग लागू होताना ते नेटवर्क बहुतेक ठिकाणी क्षणभर बंद होऊन परत सुरू होतं. सिस्कोच्या जुन्या कंट्रोलरांवर तर डब्ल्यूएलॅन (म्हणजे ते वाय-फाय नेटवर्क) बंद झाल्याशिवाय बदल लागूच होत नाही. म्हणजे सगळे जोडलेले लोक बाहेर फेकले जाणार, आणि त्यात तुम्हीही. कमांड लाइनवर काम केलं असेल तर कॉन्फिगरेशन सेव्ह केलंय ना, तेही बघा. नाहीतर वीज गेली-आली की नाव पुन्हा हजर.

“पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडलं जात नाही”

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. इथे माझी एकच युक्ती आहे आणि ती नव्वद मिनिटांचं काम पाच मिनिटांत आणते: नाव थोडा वेळ उघडं करा आणि तेच उपकरण पुन्हा जोडून पाहा. जोडलं गेलं तर दोष उपकरणातल्या ‘लपलेलं’ या सेटिंगमध्ये किंवा टाइप केलेल्या नावात. तरीही जोडलं गेलं नाही तर पासवर्ड, रेडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा), व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे कप्पे) यांच्याकडे वळा, नाव लपवण्याचा काही संबंध नाही. हे न करता लोक थेट रेडियसचे लॉग उपसायला बसतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दोष उपकरणात निघाला, तर आधी नाव अक्षर न अक्षर तपासा. यादीतून निवडायची सोय गेली, आता सगळं हाताने लिहायचं. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. नावाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागाही नावाचाच भाग असते, आणि डोळ्यांना ती दिसत नाही. एक्सेलच्या शीटमधून नाव कॉपी करून कंट्रोलरमध्ये डकवताना अशी एक जागा माझ्याच हातून आत गेली होती. नाव उघडं होतं तोवर कुणाला पत्ता नव्हता, कारण सगळे यादीतून निवडत होते. लपवलं आणि एकालाही हाताने टाइप करून जोडता येईना. कंट्रोलरमध्ये कर्सर नावाच्या टोकाला नेला, तो शेवटच्या अक्षरापासून एक घर लांब जाऊन उभा राहिला, तेव्हा उलगडा झाला.

नावाची मर्यादा ३२ बाइटची आहे, अक्षरांची नव्हे. देवनागरीत प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट खाते, त्यामुळे मराठी नाव द्यायची हौस असेल तर अक्षरं-मात्रा धरून दहांत आटपावं लागतं.

सुरक्षेचा प्रकारही आता हाताने निवडावा लागतो. डब्ल्यूपीए२ पर्सनलच्या (सगळ्यांना एकच पासवर्ड) जागी एंटरप्राइझ (प्रत्येकाचं वेगळं लॉगिन) निवडलं की फोन नुसताच गरगरत बसतो, कारण सांगत नाही.

मग ‘लपलेलं’ ही खूण. विंडोजमध्ये नेटवर्क ब्रॉडकास्ट करत नसलं तरी जोडा, अशी टिक असते. ग्रुप पॉलिसीने (सगळ्या विंडोज संगणकांना एकदम सेटिंग पाठवायची सोय) प्रोफाइल, म्हणजे साठवायची नेटवर्क सेटिंगं, पाठवत असाल तर त्यातलं ‘नॉनब्रॉडकास्ट’ खरं असायला हवं. अँड्रॉइडमध्ये नेटवर्क जोडताना प्रगत पर्यायांत ‘हिडन नेटवर्क’ला होय करायचं. लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या बोर्डांवर डब्ल्यूपीए सप्लिकंट या वाय-फाय जोडणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये ‘स्कॅन एसएसआयडी’ १ हवं, ही ओळ हमखास राहून जाते. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड तर कुणाच्या लक्षातच येत नाही. त्या कोडमध्ये नेटवर्क लपलेलं असल्याची खूण वेगळी घालावी लागते. नाव लपवण्याआधी छापलेल्या कोडमध्ये ती नसणार, म्हणून कोड नवा छापा.

काही प्रिंटर आणि टीव्ही नाव हाताने लिहूच देत नाहीत, फक्त यादी दाखवतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्यांना केबल लावा किंवा उघड्या नावाचं वेगळं नेटवर्क द्या.

चालता चालता तुटणारं नेटवर्क

एका गोदामात हातातले बारकोड स्कॅनर टेबलापाशी व्यवस्थित चालायचे आणि मागच्या रांगांत गेलं की तुटायचे. सिग्नल भरपूर, एपी डोक्यावर. पुढचे एपी ३६ आणि ४४ चॅनेलवर होते, मागचे १००च्या पुढच्या. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारला प्राधान्य असतं, म्हणून तिथे उपकरणाने आधी ऐकायचं असतं. कुणी एपी बोलताना ऐकू आला तरच आपण बोलायचं. स्कॅनरला मागे बीकन ऐकू येत होते, पण बिननावाचे. त्याने ते आपले नाहीत असं धरून सोडून दिलं. चांगला फोन अशा वेळी नाव घेऊन विचारतो, पण साध्या उपकरणांकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही. त्या नेटवर्कचं नाव उघडं केलं आणि तक्रार संपली. फिरत्या उपकरणांसाठी, वाय-फायवरून बोलायच्या फोनसाठी तर विशेषच, नाव लपवू नये हे माझं ठाम मत.

लपवलं म्हणजे हवा मोकळी झाली?

नाही. बीकन तेवढेच जातात. समजा एक बीकन ३०० बाइटचा आहे आणि २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएस या सर्वांत संथ वेगाने जातोय. त्याला २.४ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला दहा म्हणजे २४ मिलिसेकंद, जवळपास अडीच टक्के वेळ एका नावाचा. सहा नावं असतील तर पंधरा टक्के, आणि एकाच चॅनेलवरचे तीन एपी एकमेकांच्या टप्प्यात असतील तर पंचेचाळीस. त्यातली चार लपवली तरी आकडा हलत नाही. नावंच कमी करा, तीन-चारवर आणा, आणि अगदी जुनी उपकरणं नसतील तर खालचे वेग बंद करून किमान वेग १२ एमबीपीएस ठेवा.

मी लपवलंच नाही, तरी बिननावाचं नेटवर्क दिसतंय

घुसखोर एपी समजून धावाधाव करण्याआधी त्याचा बीएसएसआयडी (एपीच्या रेडिओचा हार्डवेअर पत्ता) पाहा. तो तुमच्याच एपीच्या पत्त्याशी एखाद-दुसऱ्या आकड्याने जुळत असेल तर बहुधा तो तुमचाच आहे. मेश एपी (केबलऐवजी हवेतून एकमेकांशी जोडलेले) आपसांत बोलायला बरेचदा बिननावाचं नेटवर्क चालवतात. पाहुण्यांच्या खुल्या नेटवर्कवर ओडब्ल्यूई (बिनपासवर्डच्या नेटवर्कवरही एन्क्रिप्शन देणारी पद्धत) ट्रान्झिशन मोड चालू केला असेल, तर एन्क्रिप्ट होणारं जोडनेटवर्क मुद्दाम लपवलेलंच असतं. खुल्या नावाच्या बीकनमध्ये त्याचा पत्ता असतो आणि नवे फोन तिथून ते शोधतात. ते बंद केलं तर एन्क्रिप्शन जाईल.

मग लपवावं कधी?

कॅमेरे किंवा दारावरचे रीडर यांच्यासाठीचं नेटवर्क, ज्यात माणसांनी बोट घालायची गरज नाही आणि ज्याचं प्रोफाइल तुम्हीच प्रत्येक उपकरणात घालता, ते लपवायला हरकत नाही. यादी सुटसुटीत होते, “हे कसलं, याचा पासवर्ड काय” हे प्रश्न थांबतात. सुरक्षा मात्र डब्ल्यूपीए३, ८०२.१एक्स (प्रत्येकाची वेगळी ओळख तपासणारी पद्धत), वेगळे व्हीलॅन आणि पाहुण्यांमधलं आयसोलेशन (त्यांची उपकरणं एकमेकांपासून तोडणं) यांच्याकडूनच घ्या.

वरिष्ठ ऐकतच नसतील तर मधला मार्ग असा: नाव लपवण्याऐवजी बदला. कंपनीचं नाव, मजला, खातं यातलं काहीही नसलेलं रटाळ नाव. पण कारखान्यातून आलेलं तयार नावही ठेवू नका. डब्ल्यूपीए२ची किल्ली पासवर्ड आणि नाव दोन्ही मिसळून, ४,०९६ फेऱ्यांनी तयार होते, आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या नावांसाठी लोकांनी ती गणितं आधीच करून ठेवलेली असतात. नाव बदललं की प्रत्येक उपकरण पुन्हा जोडावं लागेल, तेवढा वेळ आधी मागून घ्या.

आणि लपवलेलं नाव पुन्हा उघडं करायचं ठरवलंत, तर एपीवरची टिक हे अर्धंच काम. साठवलेल्या प्रोफाइलमध्ये ‘लपलेलं’ ही खूण तशीच राहते आणि उपकरणं बाहेर हाका मारत राहतात. विंडोजमधली ती टिक काढा, फोनमधून नेटवर्क विसरायला लावून यादीतून नव्याने जोडा, आणि एमडीएमवरून (कंपनीचे फोन दुरून सांभाळणाऱ्या यंत्रणेवरून) गेलेलं प्रोफाइल बदलून परत पाठवा.