लॅमिनेट बसवायचं की जुनं लाकूड घासायचं? घरच्या घरी फ्लोअरिंग करताना

सगळ्यात आधी सध्या खाली काय आहे ते बघा. दारातली पट्टी किंवा स्कर्टिंगचा एक तुकडा काढला की फळीची कड दिसते. अख्खं लाकूड असेल, म्हणजे साधारण १८-२० मिमी, तर बिनधास्त घासा. इंजिनिअर्ड, म्हणजे प्लायसारख्या पाट्यावर खरं लाकूड चिकटवलेलं असेल तर तो वरचा खऱ्या लाकडाचा थर कधीकधी जेमतेम २ मिमी असतो, तिथे मोठं मशीन लावायच्या भानगडीत पडू नका. आणि लॅमिनेट असेल तर घासायचा विषयच मिटला, कारण वर दिसतं ते लाकूड नसून छापलेला कागद असतो, त्यावर मेलामाइनचा पातळ थर आणि खाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड.

नवीन लॅमिनेट टाकायचं असेल तर घरासाठी ८ मिमी आणि एसी३ किंवा एसी४ रेटिंग (पृष्ठभाग किती झीज सोसतो त्याचं) पुरतं. बॉक्स आणले की लगेच फोडून कामाला लागू नका, ज्या खोलीत बसवायचंय तिथेच ४८ तास आडवे पडू द्या, एचडीएफ हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि सुकला की आकसतो म्हणून.

आता जमीन. २ मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवून बघा, खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासा नाहीतर खड्डा सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने भरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात, मग चालताना फळ्या टकटक वाजतात आणि त्यांना एकमेकींत अडकवणारे कडेचे लॉक तुटतात. फळ्यांखाली अंथरायचा फोम जाड घेतला की लेव्हल होईल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २-३ मिमीचाच घ्या, जाड फोमवर सांधे जास्त हलतात. खाली काँक्रीट असेल तर फोमच्या आधी प्लास्टिकचा कागद, जोडावर २० सेमी एकावर एक चढवून टेप मारायचा.

पहिली ओळ टाकायच्या आधी हिशोब करा. समजा खोली २९० सेमी रुंद आहे, दोन्ही भिंतींना १-१ सेमी सोडलं की उरले २८८. फळी १९ सेमीची असेल तर १५ ओळींनंतर फक्त ३ सेमीची चिंधी उरते आणि ती नीट लॉक होत नाही. त्यापेक्षा १४ ओळी अख्ख्या ठेवा आणि पहिली आणि शेवटची ११-११ सेमीची कापा, दिसायलाही बरं दिसतं. भिंतीलगत पाचरी लावून तो १ सेमी सगळीकडे कायम ठेवा, पाइप आणि चौकटीभोवती पण! शेजारच्या दोन ओळींचे सांधे निदान ३० सेमी पुढेमागे हवेत. ठोकताना हातोडी थेट फळीवर मारायची नाही, मध्ये ठोकळा धरा. जिगसॉने कापताना डिझाइनची बाजू खाली ठेवा कारण साधं पातं वर येताना कापतं आणि वरची कड उडवतं. दाराच्या चौकटीशी फळीला वेडेवाकडे आकार देत बसू नका, फोम आणि फळीचा एक तुकडा चौकटीला टेकवून त्यावर करवत आडवी धरा आणि चौकटच खालून कापा, फळी आत सरकते. स्कर्टिंग भिंतीला मारा, फळीला नाही.

आता लाकूड घासायचं. आधी पाण्याचा थेंब टाकून बघा, तसाच उभा राहिला तर पॉलिश अजून शाबूत आहे, हलकं घासून एक कोट मारला तरी भागतं. पाणी मुरून डाग गडद झाला तर पूर्ण घासा. वर आलेले खिळे पंचने आत घाला, नाहीतर पेपर फाटतो. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, आधी तपासून घ्या, ते निघालं तर स्वतः घासू नका. एरवीही मास्क हवाच.

ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवर पॉलिश पेपर लावलेलं घासायचं मशीन, भाड्याने आणा, पेपर आधी ४० नंबर (सगळ्यात खरखरीत), मग ६०, मग ८०, शेवटी १००-१२०. एकही नंबर गाळू नका, ४० चे ओरखडे १२० ने जात नाहीत आणि पॉलिश मारल्यावर उठून दिसतात. लाकडाच्या रेषेतच चालायचं, आणि ड्रम मशीन पुढे सरकायला लागल्यावरच खाली टेकवायचा आणि थांबायच्या आधी उचलायचा, कारण एका जागी दोन सेकंद जरी राहिला तरी खळगा पडतो आणि तो काढायला आजूबाजूचं सगळं घासावं लागतं. भिंतीच्या कडेला एज सँडर (कडेपर्यंत पोचणारं छोटं मशीन), कोपऱ्यात हाताने. फटींसाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा फिलरच्या रेझिनमध्ये कालवून भरा, रंग जुळतो.

व्हॅक्यूम करा, मग किंचित ओलसर कापड, पूर्ण सुकलं की पॉलियुरेथेनचे २-३ पातळ कोट, प्रत्येक दोन कोटांमध्ये २२० चा पेपर हलकेच फिरवून. वॉटर बेस काही तासांत सुकतं, ऑइल बेसला साधारण २४ तास धरा. कोट दाराच्या दिशेने मारत या, हे सांगायला नको पण सांगतो. ऑइल बेस लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, बाहेर पसरून वाळवा. गालिचा मात्र एकदोन आठवडे टाकू नका, आणि फर्निचरच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावूनच ते आत आणा.