हायलाइट चालू-बंद करताना कुठे अडतं

यवतमाळ-वाशिमकडच्या गावात बसून व्हीएस कोड या कोड एडिटरचं एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) लिहायला शिकायचं असेल, तर निवडलेला शब्द रंगवणं आणि त्याच कमांडने रंग काढणं, एवढंच पहिल्यांदा करायला घ्या. टेम्प्लेट (सुरुवातीचा तयार सांगाडा) साध्या जावास्क्रिप्टचं निवडा. पॅकेजेस एकदा उतरली की एफ५ दाबून चाचणी नेटशिवाय होते, मोबाइलच्या रेंजसाठी काम थांबत नाही.

रंगवणं सोपंच आहे. अवघड आहे ते आत्ता रंग चालू की बंद हे ओळखणं. 'इथे रंग आहे का?' असं एडिटरला विचारायची सोयच नाही. सेटडेकोरेशन्स हे फंक्शन फक्त रंगवतं. म्हणून हिशेब तुम्हीच ठेवा: प्रत्येक फाइलच्या यूआरआयसमोर (पत्त्यासमोर) रंगवलेल्या शब्दांचा एक सेट (एकच शब्द दोनदा न ठेवणारा संच). कमांड आली की आधी सेट बदला, मग सगळ्या रेंजेस (शब्द कुठून कुठपर्यंत आहेत त्या जागा) नव्याने काढून सेटडेकोरेशन्सला एकदम द्या. नवी यादी जुनीची जागा घेते. रिकामी दिली की रंग जातो.

डेकोरेशन टाइप (रंग कसा दिसावा याची व्याख्या) अ‍ॅक्टिव्हेटमध्ये (एक्स्टेन्शन सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदाच बनवा. दर कमांडला नवा बनवला तर जुना हातातून सुटतो, रंगावर रंग चढतो आणि बंद काहीच होत नाही.

कर्सर अनेक असतील तर प्रत्येक शब्द वेगवेगळा उलटवू नका. एकही शब्द बिनरंगाचा असेल तर सगळे रंगवा, नाहीतर सगळे काढा. ओळी कॉमेंट करण्याची कमांडही असंच वागते.

टॅब बदलून परत आल्यावर रंग दिसत नाही, कारण एडिटर नवा असतो. दिसणारे एडिटर बदलल्याच्या इव्हेंटवर पुन्हा रंगवा. टाइप करताना मात्र २०० मिलिसेकंद थांबून रंगवा, नाहीतर मोठी फाइल अडखळते.

मराठी कॉमेंट असतील तर इथे नीट लक्ष द्या. जावास्क्रिप्टच्या रेगेक्समधल्या (मजकूर शोधायच्या नमुन्यातल्या) '\b' या शब्दसीमेच्या खुणेचा नियम फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. त्यात गुंडाळलेला सुटा 'शेत' सापडतच नाही. लुकअराउंड (शब्दाच्या मागेपुढे काय आहे ते बघणारा नमुना) वापरा, यूनिकोडसाठीचा 'u' फ्लॅग द्या, आणि शेजारी यूनिकोडचं अक्षर किंवा मार्क (काना-वेलांटीसारखी खूण) नाही हे दोन्ही तपासा. फक्त अक्षर तपासलं तर 'शेती'मधला 'शेत'ही रंगतो, कारण वेलांटी मार्कमध्ये मोडते. शब्दात कंस किंवा टिंब असेल तर रेगेक्सआधी एस्केप करा (त्याच्या आधी \ लावा).

लाइट गेल्यावरही निवड टिकावी म्हणून वर्कस्पेसस्टेटमध्ये (एक्स्टेन्शनला मिळणाऱ्या कायमच्या साठ्यात) साठवा, पण सेटचा अ‍ॅरे (साधी यादी) करून. तिथे साठवलेल्याचं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) होतं, आणि सेटचं जेसन रिकामं ऑब्जेक्ट निघतं.